एआरटी केंद्रातल्या डॉक्टरनं ऑनलाइन शिकावं का? मराठवाड्यातून बोलतोय

बालाघाटी (धागाकर्ता)

बीड जिल्ह्यातल्या एका एआरटी केंद्रावर मी सहा वर्षं आहे. एआरटी म्हणजे एचआयव्हीवरची औषधं. कॉलेजात एचआयव्ही दोन-तीन तासांत उरकला होता. रुजू झाल्यावर प्रशिक्षण मिळालं, पण त्यातलं बरंच लवकर जुनं झालं. एफाविरेन्झ हे औषध गेलं, त्याच्या जागी डोलुटेग्राविर आलं. सीडी४ च्या (प्रतिकारशक्तीच्या पेशींच्या) आकड्यावर औषध लागू पडतंय की नाही हे ठरवणारे आम्ही व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते, बघायला लागलो. हा बदल मला कुणी समोर बसवून शिकवला नाही. आठवड्यातून एकदा ऑनलाइन वर्ग भरतो. एक डॉक्टर आपला पेशंट मांडतो, मोठ्या कॉलेजातले तज्ज्ञ आणि आमच्यासारखे दहा-पंधरा जण प्रश्न विचारतात. माझं शिक्षण तिथं झालं.

मागच्या हंगामातली गोष्ट. ऊसतोडीला कर्नाटकात गेलेली एक बाई परत आली ती निम्मी होऊन. कारखान्याजवळच्या दवाखान्यात टीबी निघाला होता, औषधं सुरू होती. आमची एचआयव्हीची गोळीही ती रोज रात्री एक, न चुकता घेत होती. "गोळ्या खाऊन खाऊन जीव इटला बगा," म्हणाली. टीबीच्या औषधातल्या रिफाम्पिसिनमुळं यकृत आमच्या गोळीतलं डोलुटेग्राविर झपाट्यानं मोडतं, म्हणून बारा तासांनी ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी द्यावी लागते, रिफाम्पिसिन थांबल्यावरही दोन आठवडे. हे मी दोनच आठवड्यांपूर्वी वर्गात ऐकलं होतं, म्हणून लगेच ध्यानात आलं. नाहीतर त्या बाईलाच "गोळ्या बुडवल्यास का?" असं विचारून मोकळा झालो असतो.

माझी मागणी एवढीच आहे की या वर्गाची वेळ ड्युटीत धरावी आणि तेवढा वेळ ओपीडी दुसऱ्या कुणी तरी बघावी. आज मी एका कानात इअरफोन घालून समोरच्या पेशंटचं वजन लिहीत असतो. आणि आठवडाभर मुंबईला शिकायला जा म्हणाल, तर माझ्या केंद्रात डॉक्टर एकच आहे.

मांजराकाठ

डॉक्टर, त्या बाईला औषध नीट मिळालं हे ऐकून बरं वाटलं. तरी मी तुमच्या विरोधात लिहितोय.

२००४ मध्ये सरकारी औषधं मोफत सुरू झाली, त्याआधीपासून मी लातूरकडं हे पेशंट बघतो. गोळीचा डोस पुस्तकात सापडतो. पण पंधरा दिवस डोकं दुखतंय म्हणून आलेला, पित्ताच्या गोळ्या खाऊन दमलेला माणूस घ्या. मान अजून ताठ झालेली नाही, ताप नाहीसारखाच. याला क्रिप्टोकॉकस या बुरशीचा मेंदूज्वर असू शकतो, हा संशय यायला तसे चार पेशंट डोळ्यांनी बघितलेले असावे लागतात. मग पाठीतलं पाणी काढायचं. सुई कुठं जाणार ते मणक्यावर बोट ठेवून दाखवावं लागतं. आणि निदान झाल्यावर घाईनं एआरटी सुरू केली तर पेशंट दगावू शकतो, चार ते सहा आठवडे थांबावं लागतं. थांबण्याचा तो धीर मी अंबाजोगाईच्या वॉर्डात सरांच्या मागं उभा राहून शिकलो.

माझी भीती वेगळीच आहे. ऑनलाइन वर्ग स्वस्त पडतो. एकदा तो चालू झाला की वॉर्डातलं शिक्षण खर्चिक म्हणून आधी बंद होईल. ड्युटी मागायचीच तर वर्षातून दोन आठवडे वॉर्डाची मागा, केंद्रावर बदली डॉक्टर देऊन.

पैनगंगा

सर, स्वस्त आहे म्हणून ते कमी दर्जाचं असतं असं नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये नेमकी ही पद्धत सुरू केली, हेपटायटिस सी साठी. खेड्यातले आणि तुरुंगातले डॉक्टर पडद्यावरून प्रकरणं मांडायचे, उपचार स्वतःच करायचे. २०११ मध्ये निकाल छापून आले. विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के बरे झाले, या डॉक्टरांकडं ५८.२ टक्के.

मांजराकाठ

ते मला माहीत आहे, आणि त्या कामाचा मला आदर आहे. पण हेपटायटिस सी चा तो उपचार फार तर वर्षभराचा होता, मग संपायचा. आपला पेशंट तीस वर्षं औषध घेणार. त्यात त्याला मधुमेह होणार, किडनी कुरकुरणार, मुलीचं लग्न निघालं की तो चार महिने गायब होणार. यातलं काय काय तासाभराच्या वर्गात बसवणार?

परभणीची समुपदेशक

दोन्ही डॉक्टरांना विचारते, आम्ही कुठं आहोत यात? वर्ग इंग्रजीत आणि फक्त डॉक्टरांसाठी. पेशंट मात्र खरं काय ते माझ्या टेबलाशी बोलतो.

एका गरोदर ताईचा व्हायरल लोड खाली येत नव्हता. गोळ्या मोजल्या तर बरोबर. शेवटी मी विचारलं, "माय, रात्री काय काय घेतीस ते समदं सांग." रक्तवाढीची, कॅल्शियमची आणि आमची गोळी, तिन्ही एकदम, तेही उपाशीपोटी. लोह आणि कॅल्शियम आमच्या गोळीतल्या डोलुटेग्राविरला धरून ठेवतात, ते अंगात उतरतच नाही. एकतर जेवणासोबत तिन्ही घ्यायच्या, नाहीतर आमची गोळी दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. आमच्या डॉक्टरांनी हे वर्गात ऐकलेलं होतं. मला सांगायचं राहून गेलं, म्हणाले. तोवर तिचा सातवा महिना लागला होता. रात्री झोप लागली नाही मला.

वर्ग ठेवायचा तर मराठीत ठेवा. नर्स, फार्मासिस्ट, आम्ही, सगळे एका पडद्यासमोर बसू.

चौदा वर्षं औषधावर

मी पेशंट आहे, म्हणून लिहितो. बालाघाटी डॉक्टर, तुम्ही वर्गात माझ्याबद्दल काय सांगता? नाव सांगत नसाल. पण "वय ४१, ट्रकवर होता, अमुक तालुका, बायको गेली, दोन लेकरं" एवढं बोललात तरी आमच्या भागातला कुणीही ओळखेल, आणि त्या पंधरा जणांत माझ्या सोयऱ्यांपैकी कुणी नसेल याची खात्री कोण देणार? एचआयव्हीचा २०१७ चा कायदा सांगतो, माझ्या संमतीशिवाय हे उघड करायचं नाही. मला आजवर कुणी विचारलेलं नाही.

बालाघाटी

दादा, तुमचा प्रश्न वाचून मी माझी मागची प्रकरणं काढून बघितली. दोनांत मी तालुका बोललो होतो. ती माझी चूक आहे. वर लिहिलेल्या बाईची परवानगी मी घेतली होती, पण ती या धाग्यासाठी, वर्गात मांडताना नाही. यापुढं तालुका, धंदा, लेकरांची संख्या काही बोलणार नाही. मराठीत एक पानाचा संमतीचा कागद करतो, वाचता येत नसेल त्याला वाचून दाखवू.

ताई, पुढच्या वर्गाला आमची नर्स आणि समुपदेशक माझ्या शेजारी बसतील, त्याला वरून परवानगी लागत नाही. मराठीचं मात्र वर्ग घेणाऱ्यांना लेखी कळवावं लागेल. मसुदा तुम्हीच लिहाल का?

सर, वॉर्डाचे दोन आठवडे मी मागणीत घालतो. पण वर्गाची मागणी सोडणार नाही. त्या बाईसाठी दोन आठवड्यांच्या रजेची वाट बघायला माझ्याकडं वेळ नव्हता.

मांजराकाठ

घाला. आणि बदली डॉक्टरचं आधी लिहा, वर्गाचं नंतर. उलट लिहिलंत तर ते वर्ग मंजूर करतील आणि फाइल बंद करतील.

चौदा वर्षं औषधावर

कागद तयार झाला की छापायच्या आधी मला दाखवा.