हेल्मेट चाचणीत एचआयसी ४,८२,०००! गणित चुकलं की सेन्सर?

शेवटचं_वर्ष_मेक
हेल्मेट घातलेला डोक्याचा साचा ७.५ मी/से वेगाने सपाट ऐरणीवर पाडला. साच्यात तीन अक्षांचा अ‍ॅक्सेलरोमीटर, सेकंदाला १०,००० नमुने. एचआयसी (त्वरण आणि कालावधी यांवरून काढलेला, डोक्याच्या दुखापतीचा धोका सांगणारा आकडा) येतोय ४,८२,०००. मर्यादा १००० ना? आणि सूत्रात २.५ हा घातांक कुठून आला?

ऐरण_आणि_g
त्वरण मी/से² मध्येच ठेवलंय तुम्ही. सूत्राला ते g मध्ये, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या (९.८१ मी/से²) पटीत लागतं. ९.८१ चा २.५ वा घात साधारण ३०१, तेवढ्या पटीने आकडा फुगलाय. भागून बघा, १६०० च्या आसपास येईल. (वेळ मिलिसेकंदात घातली असती तर हजारपट फुगला असता.) प्रोग्रॅम तपासायला ६० g चा, ३६ मिलिसेकंदांचा चौकोनी पल्स द्या, उत्तर १००४ यायला हवं.

फिल्टर सीएफसी १००० (अपघात चाचण्यांत गोंगाट गाळायचा ठरलेला वर्ग), तोही प्रत्येक अक्षावर आधी आणि परिणामी त्वरण (तिन्ही अक्षांचं मिळून) नंतर. उलट केलंत तर वर्ग करताना गोंगाट धनच होतो, मग तो गाळून जात नाही. सेन्सरचा स्क्रू ढिला असेल तर आलेखावर कंगव्यासारखे दात दिसतात.

१००० ही मोटारींच्या अपघात चाचणीतल्या डमीची (माणसाच्या पुतळ्याची) मर्यादा. ईसीई २२.०५ मध्ये (मोटारसायकल हेल्मेटचा युरोपीय नियम, आता त्याच्या जागी २२.०६ आहे) हेल्मेटला २४०० चालायचा, पण शिखर त्वरण २७५ g च्या आत लागायचं. तेही बघा.

कवटीशास्त्र
२.५ चं मूळ डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात. तिथले अभियांत्रिकीचे प्राध्यापक हर्बर्ट लिसनर यांनी १९३९ पासून न्यूरोसर्जन गुर्जियन यांच्याबरोबर मृतदेहांच्या कवट्यांवर आघाताचे प्रयोग केले. त्यातून त्वरण आणि कालावधी यांचा सहनमर्यादेचा वक्र निघाला, तो १९६० मध्ये छापला गेला. लिसनर १९६५ मध्ये गेले. काम लॉरेन्स पॅट्रिक यांनी पुढे नेलं. जनरल मोटर्सच्या गॅड यांनी १९६६ मध्ये तो वक्र लॉग-लॉग कागदावर सरळ रेषेत बसवला, त्या रेषेचा उतार म्हणजे हा २.५. सध्याचं सूत्र त्यानंतरचं, फोर्डच्या वर्सेस यांच्या १९७१ च्या मांडणीवरून आलेलं.

म्हणजे पाया कवटीच्या भेगांचा. मेंदूच्या दुखापतीबद्दलचा निष्कर्ष त्यावरून काढलेला, हे अहवालात लिहाच.

तिरका_आघात
त्यात भर: एचआयसीत फक्त रेषीय त्वरण येतं. तिरक्या ऐरणीवर डोकं गरकन फिरलं तरी आकडा कमी दिसू शकतो. साच्यात जागा असेल तर कोनीय वेगाचा सेन्सर आत्ताच बसवा. नुसत्या एका तीन अक्षांच्या सेन्सरवरून ते फिरणं नंतर काढता येत नाही.