डीसी भंगारात टाकायचं? मला पटलेलं नाही

तिसरं_गेट: मॉडेल रेल्वेच्या या गटात काल एकानं लिहिलं, "दोनपेक्षा जास्त इंजिनं असतील तर डीसी भंगारात टाका, सरळ डीसीसी घ्या." डोकं फिरलं. डीसी म्हणजे कंट्रोलरनं रुळावरचं व्होल्टेज कमीजास्त करून इंजिन पळवायचं, डीसीसी म्हणजे रुळावर कायम वीज ठेवून एकेका इंजिनाला डिजिटल हुकूम द्यायचा. टिळकवाडीत माझा 8 बाय 4 फुटांचा लेआउट आहे, एचओ (1:87 प्रमाणाचा), 4 ब्लॉक (वीज वेगळी देता येणारे रुळाचे भाग), 2 कंट्रोलर. रुळावर 0 ते 12 व्होल्ट. बिघडलं तर मीटर लावून दहा मिनिटांत सापडतं. इंजिनं 11, तीही जुनी. प्रत्येकाची मोटर आधी चेसिसपासून वेगळी करायची, मग डीकोडर, म्हणजे हुकूम ओळखणारी चिप, बसवायची. एकात करून बघितलं. मोटरच्या ब्रशची एक बाजू चेसिसला लागलेलीच राहिली, डीकोडर जळाला. पुन्हा कशाला त्या वाटेला जाऊ?

लोंढा_लूप: वायरिंग चुकलं तुमचं, त्यात डीसीसीचा काय दोष? तुमच्या एका ब्लॉकात दोन इंजिनं ठेवली की दोन्ही पळणार. डीसीसीत रुळावर कायम 14-15 व्होल्ट, हुकूम ज्या नंबरला दिला तेच हलतं. मी कॅसलरॉक-कुळे घाट केलाय. खऱ्या घाटात 1:37 चा चढ, मागून बँकर, म्हणजे जादा इंजिनं, ढकलतात. पुढची-मागची इंजिनं एका वेगानं चालायला प्रत्येकाच्या सीव्ही (डीकोडरमधल्या सेटिंग) जुळवल्या, दोन महिने गेले. डीसीवर हे करून दाखवा.

खानापूर_मीटरगेज: घाट म्हणतोस आणि 16.5 मिमीच्या रुळावर चालवतोस? 1:87 ला ते 1435 मिमीचं गेज (दोन रुळांमधलं अंतर) झालं. आपलं ब्रॉडगेज 1676, म्हणजे 19.26 मिमी पाहिजे. रूळच खोटा, मग कंट्रोलर कुठला का असेना!

लोंढा_लूप: 19 मिमीचा रूळ दुकानात मिळतो काय? काहीही बोलालाय.

खानापूर_मीटरगेज: दुकानात कशाला? मी 12 मिमीचा हातानं केलाय, मीटरगेजला जवळचा. तांब्याचा थर असलेल्या पीसीबीच्या (सर्किट बोर्डाच्या) पट्ट्या कापून स्लीपर, त्यावर रूळ सोल्डर. सहा फुटांना एक अख्खा पावसाळा गेला. आमचे वडील मीटरगेज असताना लोंढ्याला पॉइंट्समन (गाडीचा रूळ बदलणारे काटे फिरवणारे) होते. त्यांना तो रूळ दाखवला, त्यांनी काट्यावरनं बोट फिरवलं आणि म्हणाले, "जीभ नीट बसंना." जीभ म्हणजे काट्याची सरकणारी पट्टी. परत घासला. तुम्ही व्होल्टेजवर भांडत बसलाय.

तिसरं_गेट: तुमच्या वडिलांना नमस्कार, पण गेजसाठी वेगळा धागा काढा की! माझा प्रश्न पावसाळ्याचा. आमच्या दमट हवेत रुळावर काळा थर धरतो. डीसी इंजिन नुसतं अडखळतं. डीसीसीचा डीकोडर वीज तुटली की बंद पडून पुन्हा सुरू होतो.

लोंढा_लूप: होतं तसं, खोटं कशाला बोलू. मी थोडी वीज साठवणारे कपॅसिटर बसवलेत, तरी आठवड्याला स्पिरिटनं रूळ पुसतोच. पोराला पहिली गाडी घेताना डीसीच घ्या, एवढं कबूल.

तिसरं_गेट: बँकरचं मीही कबूल करतो, ब्लॉक वापरून ते जमत नाही. रविवारी घाट बघायला येतो. माझं एक इंजिन आणू?

लोंढा_लूप: या. पण डीकोडर नसलेलं माझ्या रुळावर ठेवायचं नाही. उभ्या जागी गुणगुणतं आणि मोटर तापते.

खानापूर_मीटरगेज: मी पण येणार. स्केल घेऊन.