नादिया नदीमची कारकीर्द सांगताना ‘निर्वासित’ हा शब्द किती वेळा यावा?

डावी बगल:
६ ऑगस्ट २०१७ रोजी एन्सखेडे येथे युरोपीय महिला फुटबॉल अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात सहाव्याच मिनिटाला डेन्मार्कला पेनल्टी मिळाली, ती नादिया नदीमने मारली आणि यजमान नेदरलँड्सविरुद्ध डेन्मार्क आघाडीवर गेला. सामना पुढे ४-२ असा हातचा गेला. त्याआधी उपांत्यपूर्व फेरीत जर्मनीविरुद्ध बरोबरीचा गोलही तिचाच होता आणि तो सामना डेन्मार्कने २-१ असा जिंकला होता. तरीही तिच्यावरील लेखांत या दोन गोलांना दोन ओळी मिळतात; उरलेली जागा अफगाणिस्तानातील हेरातचा जन्म, २००० साली तालिबानने ठार मारलेले सेनाधिकारी वडील, आई आणि तिच्या पाच मुलींचे पाकिस्तान व इटलीमार्गे डेन्मार्कला पलायन यांनी व्यापलेली असते. हा इतिहास खरा आहे आणि तो तिने स्वतः सांगितलेला आहे, याबद्दल वाद नाही. माझा आक्षेप त्याच्या वापराला आहे. ज्या देशाच्या संसदेने जानेवारी २०१६ मध्ये आश्रय मागणाऱ्यांकडील १०,००० क्रोनरपेक्षा अधिक किमतीचा ऐवज जप्त करण्याची मुभा देणारा कायदा संमत केला, त्याच देशात नदीमचे कौतुक ‘निर्वासित असावा तर असा’ या सुरात होते, तेव्हा ते कौतुक उरलेल्या निर्वासितांसाठी लावलेली मोजपट्टी ठरते. शंभराहून अधिक आंतरराष्ट्रीय सामने खेळा, वर डॉक्टर व्हा, मग तुम्हाला आसरा दिल्याचे सार्थक झाले, असा त्याचा अर्थ निघतो. आश्रय हा गुणवत्तेवर मिळत नसतो. म्हणून तिला आघाडीच्या फळीत खेळणारी खेळाडू म्हणूनच मोजावे, असे माझे मत आहे.

उत्तरायण:
धागाकर्त्यांच्या हेतूबद्दल आदर राखूनही मला हे पटलेले नाही. निर्वासितपण वगळले तर तिची कारकीर्द समजतच नाही. डेन्मार्कमधल्या निर्वासित छावणीलगतच्या मैदानावर स्थानिक क्लबच्या मुली सराव करताना तिने पाहिल्या आणि ती त्यांच्यात जाऊन खेळू लागली. कारकिर्दीचा उगम तोच आहे. डेन्मार्कमधल्या आर्हुस शहरात आम्ही तीन वर्षे होतो, तेव्हा माझा मुलगा अशाच एका क्लबात जात असे. मैदान नगरपालिकेचे, वर्गणी परवडणारी आणि प्रशिक्षक म्हणजे संघातल्याच एखाद्या मुलाचे वडील, कामावरून परस्पर मैदानावर आलेले, बिनपगारी. (पावसातही सराव रद्द होत नसे, याचा मला तेव्हा फार राग येई.) निर्वासित मुलगी या व्यवस्थेत कागदपत्रांचा निकाल लागण्याआधी शिरू शकली. पुढे आर्हुसच्याच स्कोव्हबाकन क्लबकडून ती खेळली आणि तिथल्याच विद्यापीठात, जिथे शिक्षणाला शुल्क नाही, तिने वैद्यकीय पदवी घेतली. हे सगळे पुसून फक्त गोल मोजले तर सर्वाधिक नुकसान त्या मुलांचे होईल, ज्यांच्यासाठी क्लबाचे दार असे उघडे राहणे गरजेचे आहे. तुम्ही म्हणता ती मोजपट्टी राजकारण्यांनी लावली असेल. म्हणून गोष्टच सांगायची नाही, हा त्यावरचा उपाय नव्हे.

तिरका पास:
केवळ खेळाकडे पाहायचे असेल तर तेही प्रामाणिकपणे पाहू या. त्या पिढीतली डेन्मार्कची सर्वश्रेष्ठ खेळाडू पेर्निल हार्डर आहे, नदीम नव्हे. नदीमची ताकद गोलसमोरच्या गर्दीत योग्य वेळी हजर असण्यात होती. २०१६ च्या हंगामात पोर्टलंड थॉर्न्सकडून सर्वाधिक गोल तिचे होते आणि २०१७ मध्ये तो संघ अमेरिकी लीगचा विजेता ठरला. त्याउलट इंग्लंडच्या मँचेस्टर सिटीत ती जेमतेम वर्षभर टिकली. पॅरिस सेंट जर्मेनने २०२१ मध्ये फ्रेंच लीगमधली लियोंची सलग चौदा विजेतेपदांची मालिका तोडली, त्या संघात ती होती. ही उत्तम कारकीर्द आहे. पण सहानुभूतीपोटी तिला असामान्य म्हणणे जसे चूक, तसे धागाकर्ते म्हणतात त्याप्रमाणे निव्वळ गोलांच्या तराजूवर तोलले, तर बाहेरच्या वाचकाला तिचे नाव ठाऊक असण्याचे कारणही फारसे उरत नाही. हा धागा तरी कशामुळे निघाला?

साधा प्रश्न:
एक अडचणीचा मुद्दा सगळ्यांनीच टाळला आहे. २०२२ च्या कतार विश्वचषकाची ती सदिच्छादूत झाली. स्थलांतरित मजुरांच्या हालअपेष्टांवरून ज्या स्पर्धेवर एवढी टीका झाली, तिचा चेहरा होण्याचे एका निर्वासित मुलीने का स्वीकारावे? विस्थापनाची गोष्ट जाहीरपणे सांगणाऱ्या व्यक्तीकडून परक्या भूमीत राबणाऱ्यांविषयी थोडी अधिक जाण अपेक्षिली, तर ती अवाजवी आहे का?

डावी बगल:
‘साधा प्रश्न’ यांनी माझेच म्हणणे सिद्ध केले, याबद्दल त्यांचे आभार. कतारची जाहिरात करणे चूक असेल तर ते कोणीही करणे चूक आहे, आणि नदीमचा तो निर्णय मलाही आवडला नव्हता. पण डेन्मार्कचे नामवंत माजी फुटबॉलपटू मायकेल लाउड्रुप यांनी कतारमध्ये लेखविया आणि अल रय्यान या क्लबांचे प्रशिक्षकपद सांभाळले, तेव्हा त्यांच्या पूर्वायुष्याचा दाखला देऊन कोणी जाब मागितल्याचे माझ्या वाचनात नाही. नदीमवर मात्र नैतिकतेचा वाढीव अधिभार लागतो. २०१७ च्या शरदात डेन्मार्कच्या महिला संघाने मानधनाच्या वादात स्वीडनविरुद्धचा विश्वचषक पात्रता सामना खेळलाच नाही आणि तो ३-० असा गमावला, त्या संघातल्या बाकीच्या खेळाडू हक्कासाठी भांडणाऱ्या कामगार ठरतात. हिच्या बाबतीत कृतज्ञतेचा हिशेब निघतो.

तथापि ‘उत्तरायण’ यांच्या प्रतिसादानंतर एका ठिकाणी मी माघार घेतो. नदीमने नागरिकत्व मिळवले, तरी तेव्हाच्या फिफा नियमानुसार नव्या देशाकडून खेळण्यासाठी वयाच्या अठराव्या वर्षानंतर तिथे पाच वर्षे वास्तव्य आवश्यक होते. तिचा जन्म २ जानेवारी १९८८ चा, म्हणजे तिला २०११ पर्यंत थांबावे लागले असते. डॅनिश महासंघाने या नियमाला आक्षेप घेतला, फिफाने तिच्यासाठी अपवाद केला आणि पोर्तुगालमधल्या २००९ च्या अल्गार्व्ह चषकात अमेरिकेविरुद्ध ती प्रथम खेळली. देशांनी तयार परदेशी खेळाडू विकत घेऊ नयेत म्हणून केलेल्या त्या नियमात लहानपणीच जीव वाचवून आलेल्या मुलीचा विचारच झालेला नव्हता. तिथे ‘निर्वासित’ हा शब्द मोठ्याने उच्चारावाच लागतो, हे मान्य. एन्सखेडेच्या पेनल्टीच्या वृत्तांतात तो कशाला लागतो, हे मात्र मला अजून कोणी सांगितलेले नाही.

उत्तरायण:
त्या वृत्तांतात नको, मान्य. पण २००९ चा अपवाद झाला नसता, तर त्या पेनल्टीपर्यंतची आठ वर्षे कशी गेली असती, याचा अंदाज करून पाहा. वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत थांबलेली आघाडीच्या फळीतली खेळाडू राष्ट्रीय संघात सहसा शिरत नाही.