डोक्यातला कुर्ता अंगावर येतो तेव्हा

वर एका ताईंनी लिहिलंय, आईच्या इरकल साडीचा कुर्ता करायचाय, चित्रही काढून ठेवलंय, पण कात्री लावायला हात धजत नाही. ताई, आधी तोच कुर्ता मांजरपाटावर, म्हणजे साध्या जाड्याभरड्या सुती कापडावर बेता आणि नुसता कच्चा टाका घाला. कागदावर देखणा वाटणारा गळा अंगावर कसा पडतो ते तिथंच कळतं, आणि बिघडला तरी जीव तुटत नाही. इचलकरंजीत १९०४ पासून यंत्रमाग चालतात, आपल्या कोल्हापूरकरांना साध्या सुती कापडाचा काय तोटा!

इरकलीचा पदर मात्र उजेडात धरून नीट बघा. साडीच्या अंगाचे उभे धागे आणि पदराचे उभे धागे एकमेकांत फासे घालून अडकवलेले असतात, म्हणून तर पदर वेगळ्या रंगाचा येतो. उलट्या बाजूनं बोट फिरवलं की तो जोड हाताला लागतो. तो शिवणीत दडपू नका, पाठीवर मधोमध आडवा येऊ दे. मला तर तोच कुर्त्याचा दागिना वाटतो. विणकरानं हातानं घातलेल्या त्या फाशांवर आता तुमची कल्पना उभी राहणार, याचं मला फार अप्रूप आहे.

गळ्याला खणाची पट्टी लावणार असाल तर उरेब, म्हणजे धाग्याला तिरपी कापा, सरळ पट्टी गोलाईला चुण्या धरते. आणि खण रंग सोडतो का, ते ओल्या पांढऱ्या फडक्यानं आधी पुसून बघाच.

कच्चा टाका झाला की फोटो टाका, बाहीचं मग बघू.