घास भरवताना जप सुटतो. मग साधना उरली कुठे?

प्रश्न
सासूबाईंना पक्षाघात झाल्यापासून त्यांचं सगळं मी करते. आधी पहाटे शांतपणे जप व्हायचा, आता तो वेळच उरला नाही. जो तो जनाबाईंचं उदाहरण देतो. पण दळताना हात आपसूक चालतात, मुखी नाव राहू शकतं. इथे त्यांना घास दिला की तो गिळला गेला का, हे गळ्याकडे बघूनच कळतं. माझं लक्ष हललं तर त्यांना ठसका लागतो, म्हणून नाम सोडावंच लागतं. 'सेवा हीच पूजा' हे खरंच आहे, की थकलेल्या माणसाची समजूत? देवाधर्माचं मनापासून करणाऱ्यांनी सांगावं.

प्रतिसाद १
ताई, मी परिचारिका आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर 2 तासांनी बदलावी लागते. त्या वेळी टाचा आणि माकडहाड बघायचं. कातडी लाल दिसली आणि बोटाने दाबूनही फिकी पडली नाही, तर तिथे जखम सुरू झाली असं धरायचं. हे बघताना माझ्याही मनात नाम नसतं. पण त्या घटकेला 'मी'सुद्धा नसते, आणि जपातून मला तेवढंच हवं असतं. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात स्वकर्माच्या फुलांनी ईश्वराची पूजा करायला सांगितलं आहे. तुमचं त्या गळ्याकडे लागलेलं लक्ष हेच ते फूल, असं मी मानते. आणि हो, जेवण झाल्यावर त्यांना अर्धा तास तरी बसतं ठेवा, लगेच आडवं करू नका.

प्रतिसाद २
वरचं पटतं, पण एक सांगतो. 'सेवा हीच पूजा' हे ज्याने त्याने स्वतःपुरतं म्हणावं. घरातले बाकीचे म्हणू लागले की सगळा भार एकीच्याच अंगावर पडतो. पूजाच असेल तर त्यांनीही एक वेळ करावी. रोज अर्धा तास दुसऱ्या कुणाला बसवा आणि जप करा. तो सोडू नका.

प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. पण कधी कधी चादर बदलताना मनात नुसता वैताग असतो. तेव्हाही ती पूजाच का?

प्रतिसाद १
सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात लॉरेन्स नावाचे साधू स्वयंपाकघरात राबत. त्या कामाचा त्यांना मुळात तिटकारा होता, तरी ते देवासाठी म्हणून वर्षानुवर्षं करत राहिले. आवड नसताना रोज उभं राहणं, यालाच मी निष्ठा म्हणते. वैताग आला तर तोही देवाला सांगा, चादर मात्र सुरकुती न ठेवता घाला. सुरकुती पाठीला काचते.