मंदी आणि स्टेडियमच्या पाट्या
मंदीचा अमेरिकेत खेळावर काही परिणाम होत नाही असं काही जण म्हणतात, ते काही पटलं नाही बुवा. 2009 ची मंदी आठवा, सिटीग्रुप या बँकेने तगून राहायला सरकारकडून 45 अब्ज डॉलर उचललेले आणि तिकडे न्यूयॉर्कच्या मेट्स या बेसबॉल संघाच्या नव्या स्टेडियमला आपलं नाव द्यायला 20 वर्षांचे 40 कोटी डॉलर, अमेरिकेच्या संसदेत दोन्ही पक्षांचे लोक बोंबलले पण करार काही मोडला नाही. न्यूयॉर्कच्याच यांकीज संघाच्या नव्या स्टेडियममधे तर होम प्लेटमागच्या (बॅटवाला उभा राहतो त्या जागेमागच्या) अडीच हजार डॉलरवाल्या खुर्च्या टीव्हीवर रिकाम्या दिसायच्या, शेवटी भाव उतरवले. त्यातल्या त्यात डेट्रॉईट टायगर्स या बेसबॉल संघाचा तेव्हाचा मालक माईक इलिच भारी, जीएमला (जनरल मोटर्स ही मोटार कंपनी) त्याच्या स्टेडियममधल्या कारंज्यावरची जाहिरात परवडेना तर गड्याने ती जागा दुसऱ्याला न विकता त्यांचं नाव फुकट ठेवलं, वर फोर्ड आणि क्रायस्लर या दुसऱ्या मोटार कंपन्यांचंही लावलं. (लिटल सीझर्स ही पिझ्झाच्या दुकानांची साखळी त्याचीच होती.)