शब्दचर्चा: 'साजरं' आणि 'साजरा करणे' हे एकच का?

वऱ्हाडची लेक:
माझं माहेर अकोल्याकडचं, लग्न होऊन पुण्यात आले. इथे आल्यावर लक्षात आलं की 'साजरा' हा शब्द इकडे फक्त सणावाराला निघतो, वाढदिवस साजरा, दिवाळी साजरी, आणि फार तर ती म्हण, दुरून डोंगर साजरे. आमच्याकडे तो रोजच्या बोलण्यातला आहे. लुगडं साजरं, पोरगी साजरी, भाकर साजरी फुगली, जरा साजरं बोलत जा. 'सुंदर' हा शब्द माझ्या आजीच्या तोंडून मी कधी ऐकलेलाच नाही.

हा प्रश्न डोक्यात बसला तो २०२३ च्या पोळ्याला. त्या वर्षी ऑगस्ट अख्खा कोरडा गेला, देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो, कपाशी आणि सोयाबीन माना टाकून उभी आणि वरून गुरांमध्ये लंपीची साथ. पोळा १४ सप्टेंबरला होता, काही जिल्ह्यांत तर बैल एकत्र आणायलाच मनाई होती. आमच्या दोन बैलांपैकी एकाला चार दिवस आधी ताप भरला, अंगभर गाठी उठल्या. डॉक्टर म्हणाले वेगळा बांधा, माशा-डास-गोचिडांनी पसरतं हे. मी पोचले तेव्हा घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं, बाबा रात्रीतून तीनतीनदा बॅटरी घेऊन गोठ्यात जाऊन यायचे, एक बैल गेला तर दुसऱ्याचं काय, पाऊस आलाच नाही तर दोघांचं काय, हे सगळ्यांच्या डोक्यात पण बोलायचं कुणी नाही.

तरी आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकायची खांदशेकणी झाली. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" हे दोन्ही बैलांना त्यांच्या त्यांच्या जागी जाऊन म्हटलं. दुसऱ्या दिवशी धडधाकट होता त्याला झूल, मठाटी, शिंगांना हिंगूळ, गोंडे, घुंगरमाळ, सगळं. आजाऱ्याला काय घालणार, हात ठेवायला जागा नाही. आजीने त्याच्या कपाळाला कुंकवाचं एक बोट टेकवलं आणि पुरणपोळी तोंडापुढे धरली. आधी नुसती हुंगली त्याने, मग अर्धी खाल्ली. दोन दिवसांत पहिल्यांदा तोंड हलवलं होतं. आजी दोन पावलं मागे सरकली आणि म्हणाली, "पाह्य व माय, कसा साजरा दिसते."

झूल घातलेला बैल समोर उभा असताना हिने साजरं म्हटलं ते याला.

तर जाणकारांना विचारायचंय, 'साजरा करणे' म्हणजे मुळात साजरं करणे, म्हणजे सुंदर करणे, असंच ना? साज चढवणे, साजणे, साजिरं-गोजिरं ही सगळी एकाच घरातली माणसं वाटतात मला.

सांगलीकर:
ताई, वाचून पोटात कालवलं. अर्थाचं म्हणाल तर मलाही तसंच वाटतं. आमच्याकडे कोल्हापुरी साज असतो तो गळ्यातला, आणि 'तुला हा रंग साजतो' असं आई अजून म्हणते. पण आता 'साजरा करणे' इतकं गुळगुळीत झालंय की पेपरात सर्रास 'पुण्यतिथी साजरी' छापून येतं. शोभा आणणे हा अर्थ लिहिणाऱ्याच्या मनात जागा असता तर हात अडखळला असता. पुण्यतिथी पाळायची असते. यावरून एक विचारतो, राग मानू नका, त्या वर्षी तुमच्या घरी पोळा साजरा झाला म्हणायचं की पाळला?

डिचोलीकर:
आमच्या कोकणीत सुंदरला 'सोबीत' म्हणतात, शोभणे शब्दाचं भावंड. गंमत बघा, साजणे काय नि शोभणे काय, दोन्हींना कुणीतरी लागतं, अमक्याला साजतं, तमक्याला शोभतं. नुसतं आपलं आपण साजणं होत नाही. तुमच्या आजीने त्या कुंकवाच्या बोटाबद्दल म्हटलं असेल का ते? की त्याच्या कपाळाला ते साजलं?

नाशिककर काका:
म्हणीचं बरोबर उलट झालं की हे. डोंगर साजरा दिसायला लांब जावं लागतं, जवळ गेलं की दगडधोंडे, काटे. इथे बाई गाठी आलेल्या बैलाच्या शेजारी उभी राहून साजरं म्हणते. मात्र मागे सरकून म्हणाली, हे मी नजरेतून सोडलेलं नाही हां. आणि बैलाचं पुढे काय झालं ते आधी सांग बेटा, व्युत्पत्ती नंतर.

वऱ्हाडची लेक:
काका, आजी मागे सरकली कारण जवळचं तिला अंधुक दिसतं, पोथी पण हात लांब करून वाचते. म्हणजे तिला नीट बघायचं होतं.

सांगलीकर दादा, राग कसला, तुमचा प्रश्न मी घरी फोन लावून विचारला. बाबा म्हणाले पाळला, बैल तोरणाखाली नेले नाहीत, झडत्या (पोळ्याची गाणी) झाल्या नाहीत, साजरा कशाला म्हणायचं. आजी मागून ओरडली, केला, मी केला. दोघांचं त्यावरून बराच वेळ चालू होतं, मी फोन धरून ऐकत बसले. मला दोघांचंही पटतं. 'पाळला' म्हणण्यात बाबांची ती चार रात्रींची धास्ती आहे, ती खोटी नव्हती. पण आजीला भीती नव्हती असं कुणी समजू नका, तिने १९७२ चा दुष्काळ बघितलाय, जनावरं सोडून द्यावी लागलेली बघितलीत. ती घाबरलेलीच होती आणि साजरंही म्हणाली, एकाच वेळी. डिचोलीकर, तुमचं 'कुणाला तरी साजतं' हे मी तिला सांगितलं तर म्हणाली, मंग काय, कुकू का भितीले लावतात?

आणि बैल वाचला. महिन्याहून जास्त गेला त्यात, खपल्या पडल्या तिथले डाग अजून दिसतात. दिवाळीच्या सुमारास त्याने पहिल्यांदा सगळा चारा संपवला, तेव्हा आजी मला फोनवर म्हणाली, "आता साजरा झाला तो." इथे तर अर्थ सरळ 'बरा' असा होतो, दिसण्याचा संबंधच नाही. हा तिसरा अर्थ अमरावती, यवतमाळकडे कुणाच्या घरात बोलला जातो का? की आमच्या आजीपुरताच आहे?